कोर्टाचा आयतार

जानकीच्या हातचं खाजं ज्यानं खाल्लं नाही, त्यानं मालवणात येऊन नुसतं खारं वारं खाल्लं म्हणायचं. बेसनाच्या काड्या तळायच्या, गुळाचा पाक करायचा, त्यात आलं घालायचं आणि काड्या घोळवायच्या, सांगायला एवढंच. तिचा भाऊ गंगाराम जत्रेजत्रेत दुकान मांडायचा आणि कढईपाशी ही बसायची. गिऱ्हाईक आधी विचारायचं, "गंगारामा, खाजा बहिणीन केलला मा? मगे दे." हात असा गोड, पण बाई फटकळ. नाकावर राग. बापानं लाडात वाढवलेली, कुणाचं म्हणून ऐकून घ्यायची नाही. त्या रागानं तिचा घात केला. आणि एकदा नव्हे, दोनदा केला.

पहिला घात सासरी, आचऱ्याला. नवरा गुरुदास मुंबईत एका कापडाच्या गोदामात कामाला. चतुर्थीला आणि शिमग्याला तेवढा घरी यायचा. घरात सासू काशीबाई, जानकी, आणि दोघींच्या मध्ये पाच वर्षांचा सत्यवान. सत्यो म्हणायचे त्याला. काशीबाई दुष्ट होती असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तरुणपणी विधवा झालेली, एकुलता एक मुलगा मुंबईनं नेलेला. तिला नातवाशिवाय होतं कोण? पण दोघीही तिखट, आणि एका म्यानात दोन तलवारी राहतात होय? एका चतुर्थीला मोदकाच्या सारणावरून ठिणगी पडली. सारणावरून, अहो! गुरुदासानं आईच्या शब्दावर जानकीच्या थोबाडीत मारली आणि जानकी नेसत्या लुगड्यानिशी माहेरी निघाली.

सत्यो तेव्हा पोरांबरोबर वाडीत आरत्या करत फिरत होता. जानकीनं त्याला बरोबर घेतलं नाही. मुद्दामच घेतलं नाही. पोर मागं ठेवलं की आठ-पंधरा दिवसांत बोलावणं येतं, हा तिच्या आईचा, मावशीचा, साऱ्या बायांचा अनुभव. पोर रडतं, सासू नमते, नवरा येऊन "चल गो घराक" म्हणतो आणि बाई मान राखून परत जाते. असंच चालत आलेलं होतं. आपल्याच बाबतीत वेगळं होईल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

बोलावणं आलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली. गंगाराम विचारायला गेला तर काशीबाई ओसरीवरूनच म्हणाली, "ती आपल्या पायान गेली. झील आमचो. तेका सांभाळूक मी आसंय." मग जानकी स्वतः गेली, रडली, सासूचे पाय धरले. नको तेव्हा ताठ राहिलेली मान उशिरा वाकली, तिचा काय उपयोग? काशीबाईनं पाय मागं घेतले.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणणाऱ्याचं पोर कुणी अडकवून ठेवलेलं नसतं. जानकी चढली. मुलगा पाच वर्षांवरचा, बाप कमावता, तेव्हा ताबा बापाकडे, हे कायद्यानं सांगितलं आणि तिनं ओठ चावून ऐकलं. पण जज्जसाहेबांनी एक दिलं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, मुलाला आचऱ्याच्या देवळाच्या सभामंडपात आईच्या हवाली करावं. गावानं त्या दिवसाला लगेच नाव ठेवलं, कोर्टाचा आयतार.

जानकीला त्या आयतारातून एकच गोष्ट हवी होती. सत्योनं तिला 'आये' म्हणावं. बस. मालवणात शेजारची पोरं आपल्या आयांना हाका मारायची आणि ही कढईवरून मान वर करायची. लोक हसायचे. हसोत बापडे.

पहिल्या आयताराला ती खाडी उतरून, पदराखाली खाजं घेऊन देवळात जाऊन बसली. दिवेलागणीला पुजाऱ्यानं सांगितलं, पोराला ताप आहे म्हणे. दुसऱ्या महिन्यात तो कुणकेश्वराला गेलेला निघाला. तिसऱ्या महिन्यात जानकी देवळात थांबलीच नाही, सरळ घरी गेली. काशीबाई दारात सूप घेऊन तांदूळ निवडत होती. "नाय तो घरात. आतेकडे गेलो," म्हणाली. आणि आत सत्यो पाढे म्हणत होता. मोठ्यानं, सूर लावून. जानकी अंगणात उभी राहून ऐकत राहिली. साताच्या पाढ्याला तो अडखळला, तेव्हा तिनं आवाज न करता ओठांनीच पुढचा आकडा सांगितला. काशीबाई सूप घेऊन आत गेली आणि आतून कडी लागली.

एकदा मात्र पोर समोर आलं. काशीबाईनंच हाताला धरून पायरीवर आणलं आणि विचारलं, "ही कोण रे?"

"मालवणवाली," सत्यो म्हणाला. शिकवलेलं बरोबर आलं म्हणून शाबासकीसाठी आजीकडे पाहिलं. जानकी परतताना होडीत बसून लहान पोरासारखी रडली. होडीवाला नुसता वल्हवत राहिला.

इथं तिचा राग पुन्हा जागा झाला. तिच्या वकिलांनी अर्ज दिला, गुरुदासाला मुंबईहून बोलावणं गेलं. जज्जसाहेब चिडले होते. "कोर्टाचा हुकूम म्हणजे हळदीकुंकवाचं बोलावणं वाटलं का तुम्हाला? जमलं तर पाळायचं?" त्यांनी दंड केला आणि बजावलं, की पुन्हा असं झालं तर दिवाणी कैद. गुरुदास खालमानेनं म्हणाला, "साहेब, मी मुंबईत असतो. मुलगा आईकडे असतो."

"मुलगा कुणाकडेही असो. हुकूम तुमच्या नावावर आहे."

गुरुदासानं लिहून दिलं, पुढच्या महिन्यापासून मुलाला हजर करीन. आईला त्यानं समजावलं, ती "हो हो" म्हणाली, आणि तो मुंबईच्या बोटीत बसला. पुढच्या आयताराला दार बंद ते बंदच. काशीबाईला वाटे, दार उघडलं की पोर गेलं. तिला कायदा कोण शिकवणार? आपल्या कडीनं आपल्याच मुलाच्या हातात बेडी पडते, हे तिच्या डोक्यात शिरलंच नाही. पुन्हा अर्ज झाला आणि महिन्याभराच्या दिवाणी कैदेचा हुकूम निघाला. बेलीफ वॉरंट घेऊन दोनदा आचऱ्याला जाऊन आला. दोन्ही खेपांना इसम मुंबईत.

वकील घाटावरचे, कामाला वाघ. त्यांनी जानकीला विचारलं, "बाई, तो गावात नक्की सापडेल असा एखादा दिवस सांगा."

जानकी म्हणाली, "गावपळणीला. मरायला टेकला असला तरी आचऱ्याचा माणूस गावपळणीला येतोच. या मार्गशीर्षातच आहे."

जीभच ती. बोलून मोकळी झाली आणि खाज्याच्या हंगामात विसरूनही गेली.

गावपळण म्हणजे काय, हे आचऱ्याच्या माणसाला विचारू नका. तुम्हीच वेडे असल्यासारखा तो तुमच्याकडे बघेल. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि अख्खा गाव घरं बंद करून, गुरंढोरं, कोंबडी-कुत्री घेऊन शिवेबाहेर पडतो. तीन दिवस, तीन रात्री गावात दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. गाव देवाचा. खाडीच्या काठानं, माळावर झावळांच्या खोपी उठतात. भात, मासे, भजनं, पोरांचा दंगा. सावकाराची खोपी आणि गड्याची खोपी एकसारखी, आणि दार कुठल्याच खोपीला नाही. देवाचे दिवस म्हणून कुणी भांडायचं नाही, दारी आलेल्याला हाकलायचं नाही. दारच नाही तर हाकलणार कुठून?

सत्तावन्न साली गावपळणीचा दुसरा दिवस नेमका कोर्टाचा आयतार आला. सभामंडप तर शिवेच्या आत. जानकी खाजं घेऊन खोपी शोधत माळावर गेली. काशीबाई तीन दगडांच्या चुलीवर भात घालत होती. तिनं वर पाहिलं. तिचा हात सवयीनं कडी शोधत असणार, पण तिथं कडी नव्हती. तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग काशीबाईच म्हणाली, "बस गो. उन्हातसून इलंस."

सत्यो गुरुदासाबरोबर खाडीवर गेला होता. बापलेक ओल्या अंगानं, दोन मासे घेऊन आले. गुरुदास जानकीला बघून थबकला, मासे आईपुढे ठेवले आणि जरा लांब बसला. सत्यो मात्र वासाला आला. खाजं लपतं होय? त्यानं एक काडी घेतली, मग दुसरी. मग आपणहून म्हणाला, "अजून आसा?"

"आसा तर. तुझ्यासाठीच आसा," जानकी म्हणाली. तिनं पुडीच त्याच्यापुढे सरकवली.

दिवसभर तो तिच्याभोवती होता. खेकड्याचं बीळ दाखवलं, साताचा पाढा न अडखळता म्हणून दाखवला. काय हाक मारायची ते त्याला समजत नव्हतं, म्हणून हाक न मारताच बोलत होता. जेवल्यावर पेंगला आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपला. जानकी हलली नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाला तरी हलली नाही. काशीबाईनं हे सगळं पाहिलं. उठली आणि आपली वाकळ आणून पोराच्या अंगावर घातली. जानकीचा पायही तिनं झाकला.

तिन्हीसांजेला जानकी निघाली, तर काशीबाई म्हणाली, "आज ऱ्हव हयच. देवाचे दिवस आसत." आणि पानात माशाची कढी वाढताना, वर न बघता, म्हणाली, "पुढच्या आयताराक मीच हाडतंय तेका देवळात. ह्या कोर्टाचा लचांड नको." गुरुदासानं खाज्याची काडी मोडून तोंडात टाकली. "तसाच आसा," म्हणाला. दोन वर्षांत नवऱ्यानं तिच्याशी बोललेले तेवढेच शब्द, आणि जानकीला ते पुरले.

तेव्हा तिला वॉरंट आठवलं.

घास तोंडात फिरू लागला. सांगावं का? 'तुम्ही आजच्या आज निघा' म्हणावं? पण मग गुरुदास विचारणार, माझ्या नावाचं वॉरंट काढून माझ्याच खोपीत जेवतेस? सारं फिसकटणार, पोर मांडीवरून उठणार. तिनं मनाशी ठरवलं, इथून मालवणला जायचं ते सरळ वकिलांकडे, आणि तो कागद फाडून टाकायला लावायचा. आणि गावपळणीत येतंय कोण? देवाच्या दिवसांत आजवर कुठला तलाठी आला, कुठला शिपाई आला? ही समजूत आचऱ्या-मालवणच्या माणसाचीच. घाटावरच्या वकिलाला आणि कोर्टाच्या बेलिफाला गावपळण म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक होतं, की अर्जदार बाईनं सांगितलंय, इसम तेव्हा सापडेल.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं होतं. सत्यो जानकीपुढे बसला होता आणि ती त्याच्या डोक्याला तेल लावत होती. रस्त्यानं दोघे जण आले, पुढे बेलीफ, मागे शिपाई. खोपी खोपीत डोकावत, अर्जदार बाई इथंच आहे असं कुणाकडून तरी ऐकून, इथं आले. बेलिफानं कागद काढला आणि विचारलं, "जानकीबाई कोण?"

जानकीचा हात पोराच्या डोक्यावरच थांबला. "मी."

"तुमच्याच अर्जावरून आलोय, बाई. यातले गुरुदास कोण ते दाखवा."

एरवी एकाला दोन सुनावणारी बाई, आज जिभेनं दगा दिला. 'इथं नाहीत' एवढं खोटंसुद्धा सुचलं नाही. आजूबाजूच्या खोपींतली माणसं जमली. गुरुदास खोपीच्या कोपऱ्यातून उठला, सदरा अंगात घातला आणि म्हणाला, "मीच." त्यानं जानकीकडे पाहिलंसुद्धा नाही.

काशीबाई चुलीपुढे बसल्या जागी बसून राहिली. शिव्या नाहीत, शाप नाहीत. नुसतं म्हणाली, "माझ्या हातचा जेवलंस गो काल."

सत्यो बापामागे धावला. रस्ता वळतो तिथपर्यंत धावला, मग परत आला. खाज्याची पुडी अर्धी उरली होती, ती उचलून त्यानं जानकीपुढे ठेवली. "तुझा खाजा," म्हणाला आणि आजीच्या पदराआड गेला.

जानकी रडत वकिलांकडे धावली. सोडा त्यांना, माझा अर्ज मागं घ्या. वकील म्हणाले, कैद कोर्टाची आहे, सुटका जज्जसाहेबांच्या सहीनं. आणि जज्जसाहेबांची बदली झालेली, नवे अजून यायचे होते. शिवाय दिवाणी कैद्याचं जेवण ज्यानं धरून दिलं त्यानं घालायचं, असा कायदा; तो भत्ता तिच्या नावानं आगाऊ भरलेला होता. म्हणजे नवरा तुरुंगात खात होता तेही हिचंच खाजं. बघा, कायदा कसा हसतो माणसाला! नवे साहेब येऊन सही होईतो महिना सरलाच. गुरुदास सुटला तेव्हा गोदामातली नोकरी गेली होती. तो गावीच राहिला, आणि जानकीचं नावसुद्धा घरात निघेनासं झालं.

त्यानंतर कोर्टाचा हुकूम अगदी अक्षरशः पाळला गेला. दर पहिल्या आयताराला काशीबाई नातवाला घेऊन सभामंडपात हजर. एकदाही ताप नाही, आतेकडे जाणं नाही. सत्यो खांबाशी बसायचा. जानकी पायऱ्या चढून आली की तो तिच्याकडे बघायचा नाही. तिच्या मागं, रस्त्याकडे बघायचा. कोण येतंय का ते. दिवसभर तसाच. खाज्याची पुडी तशीच परत जायची. दिवेलागणीला काशीबाई म्हणायची, "कोर्टाचो टायम झालो. चल." आणि ते दोघं जायचे. जेवढा वेळ लिहून दिलेला तेवढा तिला मिळाला, त्यात घटकेचीसुद्धा चोरी नाही.

वर्षभर तिनं हे सोसलं. मग एक दिवस आपणहून कोर्टात जाऊन उभी राहिली. "साहेब, मला भेट नको."

"बाई, तो तुमचा हक्क आहे. कुणी धमकावलंय का?"

"नाही साहेब. पोर मला भितं. ज्या दिवशी मी जाते, त्या दिवशी त्याला वाटतं आज कुणाला तरी नेणार." साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि लिहून घेतलं.

पुढचे आयतार जानकीनं कढईपाशी काढले. फटकळपणा कुठं गेला देव जाणे; बोलायचीच कमी. आचऱ्याचा कुणी जत्रेत भेटला तर नुसतं विचारायची, "उंच झाला काय रे?" आणि त्याच्या हाती जादा खाजं द्यायची, कुणासाठी ते न सांगता.

गोवा मोकळा झाला त्या हिवाळ्यात पुन्हा गावपळण आली. सत्यो आता अकरा वर्षांचा. जानकी गेली, पण खोपीपाशी गेली नाही. माळाच्या कडेला एका काजूखाली टोपली घेऊन बसली. घटकेनं काशीबाई खोपीतून बाहेर आली. म्हातारी आता वाकली होती, काठी टेकत चालायची. तिनं लांबूनच जानकीला ओळखलं, आणि आत वळून काहीतरी बोलली.

सत्यो आला. गुडघे बाहेर आलेला, लांबलचक पोर. येताना नजर सवयीनं तिच्या मागं रस्त्याकडे. तो बसला, जरा अंतर ठेवून. जानकीनं पुडी सोडून मध्ये ठेवली आणि हात मागं घेतला. त्यानं एक काडी उचलली, हातात धरली, खाल्ली मात्र नाही.

"आये," तो म्हणाला.

सहा वर्षं ती ज्या शब्दासाठी जगली, तो हा.

"आये, आज तुझ्या पाठसून कोण येवचो नाय मा?"

"नाय रे पुता," ती म्हणाली. "कोण येवचो नाय."

आणि सांगता सांगता तिनं स्वतःच मान वळवून रस्त्याकडे एकदा पाहिलं.